नत्राचा हिशेब आणि नॅनोचे वचन

चाळीसगावच्या बाजूने औट्रम घाट चढून गौताळ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर आले की कन्नड तालुक्याची शेती सुरू होते. उताराच्या हलक्या, मुरमाड जमिनीत मका आणि शिवनेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत कपाशी, अद्रक, कांदा व ऊस अशी येथील पिकांची साधारण मांडणी आहे. आणि मृगाचा पाऊस पडून, पिके उगवून, पहिली कोळपणी आटोपली म्हणजे कन्नड, पिशोर, चापानेर, हतनूर या बाजारगावांतील कृषी सेवा केंद्रांपुढे युरियाच्या गोणीसाठी गर्दी होऊ लागते, कारण वरखताचा हप्ता चुकला तर मक्याचे पान पिवळे पडते आणि पिवळे पडलेले पान पुढे कितीही पाऊस झाला तरी पूर्वीच्या तेजावर येत नाही, हे येथील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. या गोणीच्या शेजारी 2021 सालापासून अर्ध्या लिटरची एक बाटली येऊन उभी राहिली आहे. तिच्यावर ‘नॅनो युरिया’ असे छापलेले असते, आणि एक बाटली एका गोणीचे काम करते असे तिच्याविषयी सांगितले जाते. रसायनशास्त्राच्या आणि पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळांत गेली चार-पाच दशके वाढत आलेल्या एका अत्यंत सूक्ष्म विद्येची आणि मराठवाड्यातील शेतकऱ्याची पहिली प्रत्यक्ष गाठ पडली ती या बाटलीच्या रूपाने, दुकानाच्या गल्ल्यावर, रोख पैसे मोजताना. आणि म्हणून या विद्येचे गुणदोष येथूनच पाहावयास आरंभ करणे मला योग्य वाटते.

प्रथम या विद्येच्या मापाचा विचार करू. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले म्हणजे त्यातील एक भाग हा नॅनोमीटर होय, असे पाठ्यपुस्तकात सांगितलेले असते. परंतु अशा संख्येने मनात चित्र उभे राहत नाही. त्यापेक्षा वेचणीच्या दिवसांत फुटलेल्या बोंडातील एकच तंतू वेगळा काढून पाहावा. हा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच लांबट वाढलेली पेशी असते; तिची जाडी साधारणतः बारा ते वीस हजार नॅनोमीटर भरते. बोंड पक्व होत असताना या पेशीच्या भिंतीवर आतल्या बाजूने सेल्युलोजचे थरावर थर चढत जातात, आणि ते थर ज्या धाग्यांचे विणलेले असतात त्या धाग्यांची रुंदी अवघी काही नॅनोमीटर असते. म्हणजे कन्नडच्या शेतकऱ्याच्या हातात दर दिवाळीला जो कापूस येतो तो निसर्गाने नॅनोच्या मापाने रचलेला पदार्थ आहे. साधारणपणे एक ते शंभर नॅनोमीटर या टापूतील वस्तू घडविणे, मोजणे आणि उपयोगात आणणे, एवढाच या विद्येचा विषय.

परंतु केवळ लहान झाल्याने पदार्थाचे असे काय बिघडते वा सुधारते, की त्यासाठी स्वतंत्र शास्त्र उभारावे? याचे एक उत्तर साध्या भूमितीत आहे. एक सेंटिमीटर लांबी, रुंदी व उंचीचा एक घन घेतला, तर त्याच्या सहा बाजूंचे मिळून पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर होते. हाच घन कापून दहा-दहा नॅनोमीटरचे घन केले, तर वजन तितकेच राहूनही सर्व तुकड्यांचे मिळून पृष्ठफळ सहाशे चौरस मीटर होते. तलाठ्याच्या भाषेत बोलायचे तर जवळजवळ सहा गुंठे. घन पदार्थाचा रासायनिक व्यवहार मुख्यतः त्याच्या पृष्ठावर घडत असल्यामुळे, जो पदार्थ ढेकळाच्या रूपात स्वस्थ बसून असतो तोच या अवस्थेत अत्यंत क्रियाशील होतो. दुसरे उत्तर अधिक गूढ आहे. कण एका मर्यादेखाली गेला की त्यातील इलेक्ट्रॉनांच्या हालचालीला जागाच अपुरी पडू लागते आणि पदार्थाचा रंग, वाहकता, चुंबकत्व हे जे गुण आपण त्याच्या जातीचे समजत आलो ते त्याच्या आकारावर अवलंबून राहू लागतात. सोन्याचा दहा-वीस नॅनोमीटरचा कण पाण्यात तरंगत असला की ते पाणी माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरेडेने 1857 सालीच या लाल सोन्याचे परीक्षण केले होते. अर्धवाहक पदार्थांचे कण आकारानुसार निळा, हिरवा, तांबडा असा वेगवेगळा प्रकाश देतात, आणि या ‘क्वांटम डॉट’ नावाच्या कणांच्या शोधाबद्दल 2023 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बावेंडी, ब्रस आणि येकिमोव्ह या तिघांना मिळाले.

रिचर्ड फाइनमन यांनी 1959 च्या डिसेंबरात केलेल्या भाषणात एकेक अणू हलवून वस्तू घडविण्याची शक्यता बोलून दाखविली होती. 1974 साली नोरिओ तानिगुची या जपानी शास्त्रज्ञाने या विद्येला तिचे आजचे नाव दिले. आणि 1981 साली झुरिक येथे बिनिग आणि रोरर यांनी पृष्ठावरचा एकेक अणू चाचपून दाखविणारा सूक्ष्मदर्शक तयार केला, तेव्हा कल्पनेला डोळे आले. इतिहास याहून मोठा आहे, पण येथे इतका पुरे.

आपल्याकडे हा इतिहास आणखी मागे नेण्याचा मोह पुष्कळांना होतो. कन्नडपासून फार दूर नसलेल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत एका यक्षाची मूर्ती सापडली, जी आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर कोरलेल्या ओळीवरून ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडविली असे कळते. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात धातूवर हुकमत असलेले कारागीर होते, याचा अभिमान कोणालाही वाटेल. आयुर्वेदातील सुवर्णभस्माचे आधुनिक उपकरणांनी परीक्षण केले असता त्यातील सोन्याचे स्फटिक नॅनोच्या मापाचे आढळले आहेत, हेही खरे. मात्र यावरून आपल्या पूर्वजांना नॅनोविज्ञान अवगत होते असे जे अनुमान वारंवार काढले जाते ते मला मान्य नाही. सूक्ष्म कण तयार होणे ही एक गोष्ट, आणि त्याचे माप घेऊन, त्याच्या गुणांचे कारण सांगून, ते हवे तसे पुन्हा घडवून आणणे ही सर्वस्वी दुसरी. आणि शास्त्र या पदवीला दुसरीच पात्र ठरते.

हे दुसरे काम आपल्या महाराष्ट्रात गेल्या पंचवीस वर्षांत उत्तम प्रकारे झाले आहे, आणि त्याची माहिती मराठी वाचकास फारशी नसावी ही खेदाची गोष्ट आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात गवती चहाच्या पानांचा अर्क मिसळला असता, सामान्य तापमानात, कोणत्याही विषारी रसायनावाचून, सोन्याचे नॅनो-मापाचे पातळ त्रिकोणी पत्रे आपोआप तयार होतात असे दाखविले. 2004 साली ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाची जगभर दखल घेतली गेली. परसातल्या ज्या गवताची चार पाती आपण सर्दीसाठी उकळतो, त्यातील द्रव्ये सोन्याच्या अणूंना अशा काटेकोर भूमितीत बसवितात, ही घटना मला आजही विलक्षण वाटते. पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात सुलभा कुलकर्णी यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या या विषयात तयार केल्या आणि त्यावर पाठ्यग्रंथ लिहिला. टाटांच्या पुण्यातील संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून पाण्यातील जंतू मारणारी गाळणी तयार झाली. 2009 सालच्या डिसेंबरात ‘स्वच्छ’ या नावाने ती हजार रुपयांच्या आत, वीज आणि नळ यांच्यावाचून चालणारे साधन म्हणून बाजारात आली. पुण्याच्याच जेनोवा कंपनीने स्निग्ध पदार्थाच्या नॅनोकणांच्या आधाराने शरीरात पोचणारी देशातील पहिली एम-आरएनए लस तयार केली. 2022 सालच्या जूनमध्ये तिला आपत्कालीन वापराची मंजुरी मिळाली, आणि तशा परदेशी लसींना लागणाऱ्या अतिशीत कपाटांऐवजी साधे शीतकपाट तिला पुरत असे. मुंबईला माटुंग्यात असलेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तर आपल्या शेतकऱ्याच्या अगदी जवळचा विषय घेतला. जिनिंगनंतर सरकीला जो आखूड, कातण्यास निरुपयोगी तंतू चिकटून राहतो त्यापासून सेल्युलोजचे ते मूळ नॅनोधागे सोडवून काढण्याचा पथदर्शी कारखाना संस्थेने 2015 मध्ये उभा केला. हे धागे कागद, रंग, सिमेंट अशा पदार्थांत थोड्या प्रमाणात मिसळले तरी त्यांना बळकटी देतात. कपाशीच्या भावाची चिंता करणाऱ्या तालुक्याला या शोधाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पण ज्या वस्तूसाठी शेतकऱ्याला पैसे मिळू शकले असते ती प्रयोगशाळेच्या आवारात राहिली, आणि ज्या वस्तूसाठी त्याला पैसे द्यावे लागतात ती मात्र गावोगाव पोचली.

ती वस्तू म्हणजे नॅनो युरिया. तिच्या जन्मामागचे कारण खोटे नाही, आणि ते न्यायाने सांगितले पाहिजे. आपण जमिनीत टाकलेल्या युरियातील नत्रापैकी साधारण तीस ते चाळीस टक्केच पिकाच्या वाट्याला येते. उरलेले अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जाते, नायट्रेट होऊन पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत झिरपते, किंवा नायट्रस ऑक्साइड या वायूच्या रूपाने वातावरणात जाते, आणि हा वायू कार्बन डाय-ऑक्साइडच्या 273 पट उष्णता कोंडून ठेवणारा आहे. युरियाच्या गोणीवर सरकार तिच्या विक्रीच्या किमतीच्या कित्येक पट रक्कम अनुदान म्हणून मोजते आणि पुष्कळसा माल परदेशातून आणावा लागतो. ही नासाडी थांबविण्यासाठी 2015 मध्ये निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला, 2018 मध्ये गोणी पन्नास किलोंवरून पंचेचाळीस किलोंवर आणली गेली, आणि तरीही खप आटोक्यात आला नाही. अशा वेळी इफ्को या सहकारी संस्थेच्या गुजरातेतील कलोल येथील संशोधन केंद्राने वीस ते पन्नास नॅनोमीटरच्या कणांचा द्रवरूप युरिया तयार केल्याचे जाहीर केले. 2021 च्या फेब्रुवारीत खत नियंत्रण आदेशात त्याचा समावेश झाला, मे महिन्यात तो बाजारात आला, आणि 2022 च्या मे महिन्यात कलोलच्या कारखान्याचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. चौऱ्याण्णव पिकांवर, अकरा हजार शेतांत चाचण्या घेतल्याचा आणि उत्पादनात सरासरी आठ टक्के वाढ आढळल्याचा इफ्कोचा दावा होता. पाठोपाठ 2023 च्या एप्रिलात नॅनो डीएपीही आला.

आता हिशेबाकडे वळू, कारण हा हिशेब कोणत्याही शेतकऱ्याला घरच्या घरी करून पाहता येईल असा आहे. पंचेचाळीस किलोंच्या गोणीत शेकडा 46 या प्रमाणात 20 किलो 700 ग्रॅम नत्र असते. मूळच्या नॅनो युरियात शेकडा 4 नत्र, म्हणजे पाचशे मिलिलिटरच्या बाटलीत 20 ग्रॅम. गोणीतील नत्राचा हजारावा हिस्सा. गोणीची किंमत 266 रुपये 50 पैसे, बाटलीची 225 रुपये. मक्याच्या दाण्यात प्रथिने शेकडा नऊच्या आसपास असतात आणि प्रथिनात नत्र सुमारे शेकडा सोळा. त्या मानाने एक किलो मका तयार होण्यास केवळ दाण्यापुरतेच चौदा ग्रॅमहून अधिक नत्र लागते. म्हणजे बाटलीतील कणन्‌कण पानात शिरला, एकही वाया गेला नाही, असे गृहीत धरले तरी तेवढ्या नत्रातून दीड किलोही मका पिकत नाही. एकरी पंचवीस क्विंटलची अपेक्षा धरणाऱ्या शेतात हे नत्र कोठे पुरावे? कार्यक्षमता शंभर टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही. वीस ग्रॅमांचे वीस किलो करणारी विद्या अद्याप कोणाला साधलेली नाही.

यापुढची तुलना मला अधिकच बोलकी वाटते. मराठवाड्यात कपाशी पाते-फुलांवर आली म्हणजे साध्या युरियाची दोन टक्क्यांची फवारणी करावी अशी शिफारस कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे करीत आली आहेत आणि पुष्कळ शेतकरी ती पाळतात. पंधरा लिटरच्या पंपात तीनशे ग्रॅम साधा युरिया विरघळविला की त्यात 138 ग्रॅम नत्र येते, आणि त्याला खर्च येतो सुमारे दोन रुपये. त्याच पंपात लिटरला चार मिलिलिटर या प्रमाणात नॅनो युरिया घातला तर नत्र येते दोन ग्रॅम चाळीस सेंटिग्रॅम, आणि खर्च येतो सत्तावीस रुपये. दोन्ही फवारे त्याच पानावर पडतात. साधा युरिया मुळातच पाण्यात पूर्णपणे विरघळतो, आणि विरघळल्यावर त्याचा रेणू हा नॅनोकणाहूनही कितीतरी लहान असतो, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे विरघळणाऱ्या पदार्थाचा कण लहान केल्याचा लाभ नेमका कोठे होतो, हा प्रश्न बाजूला सारता येत नाही. 2024 साली शेकडा वीस नत्र असलेला ‘प्लस’ प्रकार निघाला. त्यानेही बाटलीतील नत्र शंभर ग्रॅमवर येते, गोणीच्या दोनशेव्या हिश्शाच्याही किंचित खाली.

शास्त्रज्ञांनी हा प्रश्न उघडपणे विचारला आहे. कोपनहेगन विद्यापीठातील माक्स फ्रांक आणि सोरेन हुस्टेड यांनी 2023 साली ‘प्लांट अँड सॉइल’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात नॅनो युरियाविषयीच्या दाव्यांना प्रसिद्ध संशोधनाचा पुरेसा आधार नाही, आणि अशा दाव्यांवर विसंबून नत्राची मात्रा कमी केल्यास उत्पादन घटण्याचा धोका आहे, असे स्पष्ट म्हटले. इफ्कोने हे आक्षेप मान्य केले नाहीत. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने मात्र शेतातच दोन वर्षे प्रयोग केला. नत्राची मात्रा घटवून तिच्या जागी नॅनो युरियाच्या दोन फवारण्या दिल्यावर शिफारशीच्या पूर्ण मात्रेच्या तुलनेत भाताचे उत्पादन शेकडा 13 आणि गव्हाचे शेकडा 21.6 घटले, आणि दाण्यातील प्रथिनांचेही प्रमाण खाली आले. ही दुसरी घट मला पहिलीपेक्षा गंभीर वाटते, कारण वजनकाट्यावर ती दिसत नाही. ती ज्याच्या पोटात ते धान्य जाते त्याच्या वाट्याला येते.

मग अकरा हजार शेतांतील अनुभवाचे काय, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बहुधा आपल्या शेतकऱ्याच्या सवयीत सापडावे. मका आणि अद्रक घेणारा शेतकरी पुष्कळदा शिफारशीपेक्षा जास्त युरिया टाकतो. त्यातील शिल्लक नत्र जमिनीत असते, शिवाय जमिनीतील सेंद्रिय द्रव्य कुजूनही काही नत्र मिळत राहते. अशा शेतात एक गोणी कमी करून तिच्या जागी एक बाटली फवारली, तर पहिल्या वर्षी काहीच फरक पडत नाही, आणि गोणी मुळात जादा होती हे ध्यानात न येता सारे श्रेय बाटलीला जाते. नॅनोकणांमुळे पीक जमिनीतले नत्र अधिक ओढून घेते, असेही समर्थक सांगतात. तसे असेल तर जमिनीच्या खात्यातून उचल वाढली आणि भरणा थांबला, असा त्याचा अर्थ होतो. मराठवाड्याच्या जमिनींत सेंद्रिय कर्ब आधीच थोडा असताना हा व्यवहार किती वर्षे चालावा? एका हंगामाचे प्रात्यक्षिक या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही.

येथवर जे लिहिले ते खिशाविषयी आणि जमिनीविषयी. नॅनोविद्येबाबत जगभर लोकांच्या मनात जी दुसरी शंका आहे ती शरीराविषयी आहे. ज्या गुणांमुळे हे कण उपयोगी ठरतात, म्हणजे प्रचंड पृष्ठफळ, तीव्र क्रियाशीलता आणि पेशींच्या पडद्यांतून शिरकाव करण्याची क्षमता, तेच गुण ते अस्थानी गेल्यास घातक ठरू शकतात. लंडनच्या रॉयल सोसायटीने 2004 सालच्या अहवालात हे नेमके ओळखून, मोठ्या आकारात निर्धोक ठरलेला पदार्थ सूक्ष्म आकारात आपोआप निर्धोक समजू नये, त्याची नव्याने परीक्षा व्हावी, असा सल्ला दिला होता. 2008 साली एडिंबरोच्या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगात दाखविले की कार्बनच्या लांब, ताठ नॅनोनळ्या शरीरात ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखाच दाह निर्माण करतात, तर आखूड वा गुंतलेल्या नळ्या तसे करीत नाहीत. द्रव्य एकच, आणि आकारावर सारा निकाल. त्याच वर्षी अमेरिकेतील संशोधकांनी चांदीचे नॅनोकण लावलेले मोजे पाण्यात धुऊन पाहिले, तेव्हा काही मोज्यांतील चांदी थोड्याच धुण्यांत पाण्यात उतरली. आणि ती नाल्यातून नदीत गेल्यावर तेथील उपयुक्त जंतूंचे काय करते, हा विषय अभ्यासाचा झाला. मिठाई आणि गोळ्यांना शुभ्रता देणाऱ्या टायटॅनियम डाय-ऑक्साइडचा बराच भाग नॅनोकणांचा असतो. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने 2021 मध्ये तो खाद्यात यापुढे सुरक्षित मानता येणार नाही असा निर्वाळा दिला आणि 2022 पासून युरोपीय संघात त्याच्या खाद्यवापरास बंदी झाली.

नॅनो युरियाने कोणास विषबाधा झाली असे म्हणण्यास आधार नाही, आणि युरिया हा पदार्थ स्वतः शरीराला परका नाही. तेव्हा भीती पसरविणे हा या लेखाचा हेतू नव्हे. परंतु फवारणीच्या वाटेने पुढे नॅनो-जस्त, नॅनो-तांबे आणि नॅनोरूपातील कीटकनाशकेही येतील, काही येऊ लागलीच आहेत, आणि पाठीवर पंप घेऊन डोक्यापर्यंत वाढलेल्या कपाशीत शिरणाऱ्या मजुराच्या नाकातोंडात प्रथम तेच कण जातील. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना विसरण्याइतकी जुनी झालेली नाही. त्या औषधांना मंजुरी होती, त्यांच्यावर सूचनाही छापलेल्या होत्या. पण बारीक इंग्रजी अक्षरांतील सूचना, न परवडणारा मुखवटा, आश्विनाचे कडक ऊन आणि माणसाहून उंच वाढलेले पीक यांचा एकत्रित परिणाम काय होतो, ते मंजुरी देणाऱ्या दप्तरात कोणी मोजलेले नव्हते. शेतीतील आणि अन्नातील नॅनोपदार्थांची पारख कशी करावी याविषयी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2020 च्या जुलैत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र मार्गदर्शन हे कायद्यासारखे बंधनकारक नसते, आणि बंधन असले तरी त्याच्या अंमलाचे निकाल तालुक्याच्या गावी मराठीत वाचावयास मिळत नाहीत.

या साऱ्यात मला सर्वांत अधिक खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. नवी वस्तू घ्यावी की न घ्यावी, हे ठरविण्याचा शेतकऱ्याचा हक्कच मधल्या काळात बुडाला. गोणी हवी असेल तर बाटलीही घ्यावी लागेल, असे दुकानात ऐकून घ्यावे लागल्याच्या तक्रारी देशभरातून आणि आपल्या राज्यातूनही आल्या. या सक्तीला बाजारात ‘लिंकिंग’ म्हणतात. वरच्या पुरवठादाराने आमच्याही गळ्यात माल बांधला असे दुकानदार सांगतात, आणि त्यांचेही म्हणणे सर्वस्वी खोटे नसावे. ही सक्ती तत्काळ थांबवावी असे केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी 2025 च्या जुलैत सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून कळविले. म्हणजे तक्रार खरी असल्याची कबुली वरूनच मिळाली. ज्या वस्तूचे गुण सिद्ध आहेत तिला अशा सक्तीची गरज पडत नाही. बीटी कपाशीचे बियाणे 2002 साली आले तेव्हा ते घेण्यास कोणी कोणाला भाग पाडले नव्हते. पहिल्या वर्षांतील अनुभवावर शेतकऱ्यांनी ते आपण होऊन घेतले, आणि पुढे गुलाबी बोंडअळी त्याला दाद देईनाशी झाल्यावर त्याचा तोटाही त्यांनीच सोसला. सक्तीने विकलेल्या बाटलीच्या खपाचा आकडा हा तिच्या यशाचा दाखला म्हणून पुढे केला जाऊ नये, कारण पुष्कळ घरी त्या बाटल्या गोठ्याच्या कोनाड्यात न उघडता पडलेल्या असतात.

यावर उपाय अवघड नाही, आणि त्यासाठी नव्या संस्थाही काढाव्या लागणार नाहीत. परभणीचे कृषी विद्यापीठ 1972 पासून आहे, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नॅनोतंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि तालुक्याला कृषी अधिकाऱ्याची कचेरी आहे. या तिघांनी मिळून कन्नड तालुक्यात एक हलक्या आणि एक भारी जमिनीचे शेत निवडावे व त्यात मक्याचे चार सारखे तुकडे आखावेत. पहिल्यात नत्राची शिफारस केलेली पूर्ण मात्रा द्यावी. दुसऱ्यात निम्मी मात्रा देऊन वरून नुसते पाणी फवारावे. तिसऱ्यात निम्मी मात्रा आणि नॅनो युरिया. चौथ्यात निम्मी मात्रा आणि दोन टक्क्यांचा साधा युरिया. दुसरा आणि चौथा तुकडा गाळून केलेली कोणतीही चाचणी मी तरी प्रमाण मानणार नाही, कारण बाटलीने काय केले हे त्यांच्यावाचून कळतच नाही. हाच प्रयोग त्याच जागी सलग तीन खरिपांत करावा, दाण्याचे वजन आणि त्यातील प्रथिने मोजावीत, प्रत्येक हंगामाच्या आधी व नंतर जमिनीतील नत्राची तपासणी करावी, फवारणी करणाऱ्या मजुरांना मुखवटे देऊन त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवावी. आणि जो निकाल लागेल तो, बाटलीच्या बाजूचा असो वा विरुद्ध, पेरणीपूर्वी प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर भावफलकाशेजारी मोठ्या अक्षरांत लावावा. बाटलीच्या वेष्टनावरही नत्र टक्क्यांत छापण्याऐवजी ग्रॅममध्ये छापावे, आणि त्याच ओळीत गोणीतील नत्राचे ग्रॅमही द्यावेत.